दोन थेंब, दोन चमचे

दवाखान्याच्या तळमजल्यावर औषधांची खिडकी होती आणि त्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे अष्टावधानी म्हणत. नाव कौतुकाने पडलं होतं की चेष्टेने, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. बाईंनी ते कौतुक म्हणून घेतलं होतं. बघणाऱ्याचे डोळे फिरावेत असंच त्यांचं काम चाले. उजवा हात गोळ्या मोजतोय, डावा हात लेबलच्या यंत्रावर मजकूर टाइप करतोय, डाव्या कानात इअरफोन, समोर पंचिंग मशीनला टेकवून उभा केलेला मोबाइल, त्यावर कुणीतरी केक करून दाखवतंय, मधूनच बहिणींच्या ग्रुपवर एखादा अंगठा टाकायचा, आणि हे सगळं चालू असताना खिडकीत घुसणाऱ्या म्हाताऱ्याला "आजोबा, रांगेतून या," म्हणून दटावायचंही.

"मला एकच काम दिलंत ना, तर मी बसल्या जागी झोपेन," असं त्या म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

त्यांच्या अगदी उलट म्हणजे सावकाश काका. खिडकीवर बाईंच्या आधीपासून असलेला माणूस. काकांचं सगळं एकेरी. गोळ्या मोजताना कुणी 'नमस्कार' केला तरी काका मोजणी संपल्यावर मान वर करून नमस्कार करायचे, तोवर तो माणूस घरी गेलेला असायचा. बाटली हातात देण्याआधी ते लेबल मोठ्याने वाचायचे आणि मग म्हणायचे, "आता तुम्ही म्हणा." गिऱ्हाईक म्हणायचं, "एक गोळी, रात्री जेवल्यावर." "पुन्हा म्हणा." याला ते वदवून घेणं म्हणत. वदवून घेता घेता रांग दारापर्यंत जायची.

दोन महिन्यांपूर्वी बाईंनीच वरच्या मजल्यावर जाऊन, अगदी गोड बोलून, काकांना मागच्या गोदामात खोकी मोजायला द्यावीत असं सुचवलं होतं. काकांनी तक्रार केली नाही. "एका जागी एकच काम. बरं झालं," एवढंच म्हणाले. वदवून घेणं बंद झालं, रांग आखूड झाली, आणि बाईंचं नाव आणखी पक्कं झालं.

त्या नावाला पहिला तडा घरात गेला. गेल्या रविवारी बाईंची भाची आली होती. ती मनाचं शास्त्र शिकत होती आणि तिला कुणावर तरी प्रयोग करायचे होते. घरची माणसं फुकट मिळतात, म्हणून बाई आणि बाईंचे वडील दोघांनाही तिने संगणकासमोर बसवलं. पडद्यावर लाल आणि निळ्या काड्या क्षणभर दिसायच्या, जायच्या, पुन्हा दिसायच्या. निळ्यांकडे लक्षच द्यायचं नाही. लाल काड्यांतली एखादी फिरली की नाही, तेवढं सांगायचं.

वडील जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. डोळ्याला भिंग लावून बसले की जगबुडी झाली तरी हलायचे नाहीत. बाई लहानपणी जिन्यावरून पडल्या होत्या, तेव्हा आतून उत्तर आलं होतं, "थांब, स्क्रू हातात आहे." हे उत्तर घरात अजून विनोद म्हणून सांगितलं जाई. तर या वडिलांच्या दोनच चुका झाल्या. बाईंच्या सतरा.

"मावशी, चिडू नकोस हं," भाची म्हणाली. "पण तू एकदम सगळ्यात जास्त गोष्टी करतेस, आणि निळ्या काड्यासुद्धा तुलाच सगळ्यात जास्त दिसतात."

"म्हणजे माझी नजर तेज."

"म्हणजे नको ते गाळता येत नाही तुला."

"तुझी ती मैत्रीण चार-चार स्क्रीन लावून अभ्यास करते, ती?"

"तिला जमतं. माणसामाणसात फरक असतो ना. पण मला जमतं असं वाटणारी माणसं आणि खरंच जमणारी माणसं, ही बहुतेक वेळा वेगळी निघतात, मावशी. आता सवयीने डोकं असं होतं की मुळात अशाच डोक्याच्या माणसांना ही सवय लागते, ते आम्हालाही अजून धड माहीत नाही."

"मग आधी माहिती करून घ्या आणि मग या," असं म्हणून बाईंनी संगणक बंद केला होता. हसत हसतच, पण जरा जोराने.

हे झालं रविवारी. बुधवारी दुपारी सव्वातीनला खिडकीवर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी वडिलांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून बाईंनी मघाशी अर्धामुर्धा ऐकलेला केकचा व्हिडिओ मागे नेला आणि सामान लिहून घ्यायला बसल्या. कानातला आवाज म्हणाला, "आता यात घालायचे दोन चमचे…"

आणि बाईंची डावी बोटं टेबलावर आपोआप हलली. दोन. चमचे. यंत्रावरच्या ज्या कळांनी ही अक्षरं उमटतात, त्याच क्रमाने.

बाईंना आधी हसू आलं. मग लक्षात आलं. बोटांना हे शब्द नवे नव्हते. या आवाजाबरोबर हे शब्द बोटांनी आज एकदा टाइप केले होते.

त्यांनी सकाळपासूनच्या चिठ्ठ्या आठवून पाहिल्या. खोकल्याचं औषध एक चमचा, आम्लपित्ताचं अर्धा चमचा. दोन चमचे कुठेच नव्हते. दोन थेंब होते. पाच महिन्यांचं बाळ होतं, त्याची आई घाईत होती, बाळ रडत होतं, आणि डॉक्टरांनी लिहिलं होतं, दोन थेंब, दिवसातून एकदा. त्या बाटलीवर आपण काय चिकटवलं, ते बाईंना आठवेना. आईच्या ओढणीचा रंग आठवत होता, ग्रुपवर बहिणीने टाकलेला पडद्यांचा फोटो आठवत होता, केकवाल्या बाईची अंगठीसुद्धा आठवत होती. लेबल आठवत नव्हतं.

यंत्राला विचारून उपयोग नव्हता. ते जुनं, त्याला फक्त शेवटचं लेबल लक्षात राही. बाईंनी खिडकीची काच खाली ओढली आणि गोदामात जाऊन काकांना सगळं सांगितलं. लपवावं असं एकदा मनात येऊन गेलं होतं, पण पायच तिकडे वळले.

काकांनी हातातलं खोकं मोजून खाली ठेवलं. "बघा, मी म्हणत होतो," असं ते म्हणाले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "एका चमच्यात शंभर थेंब मावतात. दोनांत दोनशे."

ते नुसता हिशेब करत होते.

"फीत काढू यंत्रातली," काका म्हणाले. "शाईची. लेबलवर जे अक्षर उमटतं ते फितीवरून निघून जातं. उजेडासमोर धरली की वाचता येते. सकाळी मीच नवी घातलीय, म्हणजे आजची सगळी लेबलं तिच्यावर आहेत."

इतकी वर्षं त्या यंत्रावर टाइप करूनही बाईंना हे ठाऊक नव्हतं. फीत बदलायचं काम काकांचं होतं. काळी, बोटभर रुंदीची फीत बाहेर आली आणि खिडकीच्या उजेडात तिच्यावर पांढरी अक्षरं दिसू लागली. फितीवर रुग्णांची नावं नव्हती, ती बाई पेनाने लिहीत. नुसती मात्रा, एकामागून एक. नावं नोंदवहीत क्रमाने होती. फितीवर 'दोन चमचे' कितव्या जागी आहे ते मोजायचं आणि वहीत त्या क्रमांकावर कोण आहे ते बघायचं. पोरखेळ होता.

बाई मोजू लागल्या. अकरापर्यंत आल्या आणि मोबाइल थरथरला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसतं 'कुणाचा असेल' एवढंच मनात आलं, आणि अकरा होते की बारा ते गेलं. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी नवावर असताना काचेबाहेर कुणीतरी विचारलं, "बंद आहे का?" पुन्हा. मग बाहेर काहीच झालं नाही, तरी सातावर केकवाल्या बाईचा आवाज आतूनच आला. मोबाइलवरचा व्हिडिओ त्यांनी केव्हाच थांबवला होता. आवाज डोक्यात चालू होता.

तेव्हा बाई खऱ्या घाबरल्या. बाळाची भीती होतीच, पण ही दुसरी होती. आपल्या हातून तीस ओळी मोजून होत नाहीत. हे आजचं आहे, की कधीपासूनचं? यापूर्वी किती बाटल्या गेल्या असतील? त्यांनी फीत काकांच्या हातात दिली.

"तुम्ही फक्त वहीवर बोट ठेवा," काका म्हणाले. "मी वाचतो. मी एक वाचलं की तुम्ही एक घर खाली या. दुसरं काही करू नका."

काका वाचू लागले, त्यांच्या त्या जीव खाणाऱ्या संथ चालीत. "एक गोळी, सकाळी." बोट एक घर खाली. "अर्धी गोळी, रात्री." एक घर खाली. बाईंना त्यांच्या हातातून फीत हिसकावून घ्यावीशी वाटत होती. भिंतीवरचं घड्याळ साडेतीन दाखवत होतं. "मलम, दोनदा." खाली. आणि मग काकांचा आवाज तोच, तितकाच संथ: "दोन चमचे. दिवसातून एकदा."

एकोणिसावं घर. बाईंचं बोट बाळाच्या नावावर होतं.

"थांबा, पुढचंही—" काका म्हणत होते, पण बाईंनी फोन उचललाही होता. बाळाच्या आईचा नंबर वहीत होता. पहिल्यांदा घंटा वाजून बंद झाली. दुसऱ्यांदाही. मधल्या काळात बाईंना ते घर दिसत होतं, बाळाचा हनुवटीखाली धरलेला रुमाल दिसत होता. "देवा, उचल. उचल गं बाई, उचल," असं त्या मोठ्याने बोलत होत्या, आणि त्याचीही त्यांना शुद्ध नव्हती. तिसऱ्यांदा आईने उचलला.

"औषध दिलंत का बाळाला?"

"कोण बोलतंय?"

"औषधांच्या खिडकीवरून. दिलंत का?"

"आत्ताच दिलं की."

काकांनी हळूच सुचवलं, "लेबल वाचायला सांगा."

"बाटली आणा," बाई म्हणाल्या. "लेबल वाचून दाखवा मला."

पलीकडे पावलं, भांड्याचा आवाज, बाळाचं हुंकारणं. मग आई म्हणाली, "दोन थेंब. दिवसातून एकदा."

"पुन्हा वाचा."

"दोन थेंब. का हो? काही झालंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वदवून घ्यायचं राहिलं होतं."

फोन ठेवून त्या स्टुलावर बसल्या आणि पदरात तोंड खुपसून हसल्या की रडल्या ते त्यांनाही कळलं नाही. म्हणजे बोटांनीच थाप मारली होती. म्हणजे काहीच झालं नव्हतं. फितीवरचे 'दोन चमचे' सुटकेच्या भरात त्या विसरूनच गेल्या. उद्यापासून मोबाइल पर्समध्ये, इअरफोन घरी, काका पुन्हा खिडकीवर. त्यांनी मनातल्या मनात काय काय कबूल करून टाकलं.

काका अजून उजेडात उभे होते. त्यांचं वाचन मध्येच तुटलं होतं आणि अर्धवट सोडणं त्यांना जमत नसे.

"ताई," ते म्हणाले, "विसावं लेबल 'दोन थेंब' आहे. वहीत विसाव्याला मलमवाला माणूस आहे."

"मग?"

"मग बाळाचं विसावं. एकोणिसावं दुसऱ्याच कुणाचं." ते शेवटपर्यंत गेले, तसेच एकेक करत. "फितीवर एकतीस आहेत. वहीत तीस. एक बाटली तुम्ही वहीत लिहिलेली नाही."

ती बाटली कुणाची, ते बाईंना आठवलं.

साडेबाराला बाईंचा नवरा आला होता. वडिलांची नवी बाटली न्यायला, घरी ठेवून तसाच कारखान्यात जाणार होता. वरच्या डॉक्टरांनी सोमवारीच औषध बदललं होतं. हृदयाचे ठोके संथ करणारं. "दोनच थेंब, तिसरा नको," असं त्यांनी बाईंना बजावून सांगितलं होतं. बाईंना. वडिलांना नाही. वडील लेबल वाचून घेणार होते, आज पहिल्यांदा. आणि घरचीच तर बाटली, तिची नोंद कशाला, म्हणून वही उघडलीच नव्हती.

भिंतीवर पावणेचार वाजून गेले होते. वडील औषध चारला घेत. चार म्हणजे चार. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं बरोबर लावलेला माणूस, त्याच्या चारचे सव्वाचार व्हायचे नाहीत. आणि लेबलवर दोन चमचे लिहिलेले असतील तर तो दोन चमचे घेणार. मुलगी औषधांच्या खिडकीवर असताना तो शंका कशाला घेईल?

घरचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. नवऱ्याचा मोबाइल कारखान्यात कपाटात ठेवावा लागे, तो बंदच. शेजारी दिवसभर कुलूप. बाईंनी घरी पुन्हा लावला. पुन्हा नुसती घंटा. वडील का उचलत नाहीत ते त्यांना पक्कं माहीत होतं. पावणेचारपासून त्यांची तयारी चाले. टेबल पुसायचं, रुमाल अंथरायचा, चष्मा पुसायचा. हातात काम असताना फोन घेणारा तो माणूसच नव्हता. थांब, स्क्रू हातात आहे.

"काका, हा नंबर," बाई म्हणाल्या. "लावत राहा. बंद झाला की परत लावा. रांग ओरडू दे, वरून कुणी येऊ दे, दुसरं काहीही करू नका."

"दुसरं काय करणार मी," काका म्हणाले आणि फोनपाशी बसले.

बाई धावल्या. मोबाइल पंचिंग मशीनला टेकलेला तसाच राहिला, हे त्यांना फाटकाबाहेर कळलं. परत फिरायला वेळ नव्हता. आता घरात काय चाललंय ते कळण्याचा मार्गच उरला नव्हता. कानात इअरफोन अडकलेला होता, मुका. त्यांनी तो उपटून रस्त्यात टाकला.

पंधरा-वीस मिनिटांची वाट होती. चौकात सिग्नल लाल होता, त्या तशाच घुसल्या, कुणीतरी शिवी दिली. चपलेचा अंगठा तुटला, तशी चप्पल सोडून दिली. डोक्यात एरवी दहा गोष्टी असत. आज एकच होती, आणि ती एकच इतकी मोठी होती की तिच्यात श्वास घ्यायला जागा नव्हती. दोनशे थेंब. संथ होत जाणारे ठोके, मग आणखी संथ. कोपऱ्यावरच्या दुकानातलं घड्याळ त्यांनी बघायचं नाही ठरवलं आणि बघितलं. चार वाजून तीन मिनिटं.

आपल्या इमारतीचा जिना चढताना त्यांना घंटा ऐकू आली. दुसऱ्या मजल्यापर्यंत येत होती. वाजली, वाजली, थांबली. पुन्हा सुरू झाली. काका लावत होते. म्हणजे अजून कुणी उचलला नव्हता. म्हणजे वडील कामात होते, किंवा वडील उचलण्याच्या अवस्थेत नव्हते. दोन्हीची घंटा सारखीच वाजते. कुलपात किल्ली घालताना ती तीनदा निसटली.

वडील टेबलाशी पाठमोरे बसले होते. ताठ. हलत नव्हते.

"बाबा!"

ते वळले नाहीत. बाई समोर गेल्या. रुमाल अंथरलेला, बाटली उघडी, लेबल त्यांच्याकडे केलेलं, त्यावर बाईंचेच शब्द. दोन चमचे लिहिलंय म्हणून वडिलांनी डब्यातून दोन चमचे काढून शेजारी शेजारी मांडले होते. एक रुमालावर होता. दुसरा त्यांच्या हातात, काठोकाठ भरलेला, कोपर टेबलावर टेकवून त्यांनी तो तसाच धरला होता. नजर चमच्यावर.

बाईंनी रुमालावरच्या चमच्याला बोट लावलं. कोरडा होता. पुन्हा लावलं. आतून, काठावर, मागून. कोरडा होता.

"केव्हाचा वाजतोय," वडील चमच्यावरची नजर न काढता म्हणाले. "चमचा भरला तरी हा चालूच. एवढ्या कलकलाटात औषध घेतात होय? म्हटलं थांबला की घेऊ. थांबतो, मी चमचा उचलतो, की लगेच परत. कोण वेडा आहे कोण जाणे. हात भरून आलाय माझा."

बाईंनी दोन्ही हातांनी तो चमचा त्यांच्या हातातून काढून घेतला. निम्मं रुमालावर सांडलं. "अगं, अगं, सांडलंस ना!" वडील ओरडले. बाईंनी बाटलीही ओढली, झाकण सापडेना म्हणून तोंडावर तळहात दाबून धरला आणि तशाच खाली फरशीवर बसल्या. एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी. फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. उठून तो उचलायचं त्यांच्यात धाडस नव्हतं. तो थांबू नये असंच त्यांना वाटत होतं.

वडिलांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वाचार. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आता आलीच आहेस तर आधी तो फोन बंद कर," ते म्हणाले. "मला औषध घ्यायला उशीर झालाय."